दात पांढरे करून घेण्यापूर्वी

पांढरे दात म्हणजेच सुंदर दात, ही समजूत महाराष्ट्रात फार जुनी नाही. एकेकाळी येथील अनेक घरांतील स्त्रिया दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत. हिरडा, मायफळ अशा तुरट वस्तूंची पूड आणि हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, यांचे ते मिश्रण असे. तुरट पदार्थातील टॅनिन आणि लोह एकत्र आले की शाईसारखा काळा रंग तयार होतो व तो दातांवर पक्का बसतो. जपानमधील विवाहित स्त्रियाही पूर्वी याच तत्त्वावर दात काळे करीत. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात हिरड्याची झाडे आजही आहेत. दातवण मात्र गेले आणि सौंदर्याची कल्पना पुरती उलटी झाली. लग्न ठरले, मुलाखत आली किंवा छायाचित्र काढायचे असले की दात पांढरे करून घेण्याचा विचार आता केवळ मुंबई-पुण्यात नव्हे, तर राधानगरीसारख्या तालुक्याच्या गावीही केला जातो.

हा उपचार योग्य हाती आणि योग्य व्यक्तीवर केला तर सुरक्षित मानला जातो. मात्र दाताचा रंग का बदलला, हे न पाहता तो उतरवण्याची घाई केली तर पैसे वाया जातात. कधी त्याहून मोठे नुकसानही होते.

दात मुळात पांढरे नसतात

दाताचे सर्वांत बाहेरचे आवरण म्हणजे एनॅमल. ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून बरेचसे अर्धपारदर्शक असते. त्याखालील डेंटिनचा थर पिवळसर असतो आणि दाताचा रंग मुख्यतः या थरामुळे ठरतो. त्यामुळे निरोगी दातही किंचित पिवळट दिसू शकतात. सुळे तर पुढच्या दातांपेक्षा नेहमीच थोडे गडद असतात. तो दोष नव्हे. वय वाढते तसे एनॅमल झिजते, डेंटिन जाड आणि गडद होत जाते आणि दातांचा रंग उतरतो. दंतवैद्य दाताच्या रंगाची तुलना करण्यासाठी वेगवेगळ्या छटांच्या नमुन्यांची पट्टी वापरतात. प्रचलित पट्टीत अशा १६ छटा असतात. जाहिरातीतील, भिंतीला लावलेल्या चुन्यासारखा पांढरा रंग त्या सोळांपैकी एकाही छटेत नसतो, ही गोष्ट खुर्चीत बसण्यापूर्वी ध्यानात ठेवलेली बरी.

निपाणीच्या रस्त्यावरचा डाग

रंग बदलण्याची कारणे दोन प्रकारची असतात. काही डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात, तर काही दाताच्या आतच तयार होतात. चहा, कॉफी, पानातील कात, तंबाखू यांचे डाग पहिल्या प्रकारचे. क्लोरहेक्झिडिन असलेल्या औषधी गुळण्या बरेच दिवस केल्या तर दातांवर तपकिरी थर चढतो आणि लहान मुलांना लोहाचे पातळ औषध दिल्यास काळसर डाग पडतात. हे डाग दिसायला भयंकर असले तरी सफाईने निघून जातात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या या भागात मात्र डागांचा विचार तंबाखूला वगळून करताच येत नाही. कोकणातून फोंडा घाट चढून येणारा देवगड-निपाणी रस्ता दाजीपूर आणि राधानगरीवरून जातो आणि तो ज्या निपाणीला पोहोचतो ती तंबाखूची जुनी पेठ. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळायची, ही मशेरीची सवय पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्या घरात बाईने विडी ओढलेली खपत नाही, तेथेही सासू-सुना मशेरी लावतात. कारण ते व्यसन नव्हे, तर दात घासणे मानले जाते. सकाळी एकदा लावणारी स्त्री पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावू लागते, याचे कारण त्यातील निकोटिन होय. दातदुखीवरचा घरगुती इलाज म्हणूनही अनेकजणी तिच्याकडे वळतात. दुखणे तात्पुरते बधिर होते आणि कीड आत वाढत राहते.

तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांच्या उत्पादनावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीला यांपैकी कोणताच नियम गाठू शकत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकजण ती ओढणारे नव्हते, तर तोंडात धरणारे किंवा चोळणारे होते: न ओढता घेतल्या जाणाऱ्या तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. गरोदरपणात अशी तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमनी कमी भरते, असे मुंबईत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते.

डागाखाली काय आहे, ते आधी पाहावे

तंबाखू, मशेरी, मावा किंवा सुपारीमुळे दात काळे-तपकिरी झाले असतील, तर पहिले काम दात पांढरे करण्याचे नव्हे, तोंड तपासून घेण्याचे आहे. जी वस्तू दातावर डाग पाडते तीच शेजारच्या हिरडीवर, गालाच्या आतल्या बाजूस आणि जिभेखाली वर्षानुवर्षे काम करीत असते. तेथे पडलेला पांढरा चट्टा बोटाने किंवा कापसाने पुसला जात नसेल, तर तो ल्युकोप्लाकिया असू शकतो. असे सर्वच चट्टे कर्करोगात बदलत नाहीत, पण काही बदलतात आणि कोणता बदलेल हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा अधिक धोक्याचा. दोन आठवड्यांत भरून न येणारा व्रण, विनाकारण हलू लागलेला दात, मानेत लागणारी गाठ, गिळताना होणारा त्रास, यांपैकी काहीही असेल तर दात उजळवण्याचा बेत बाजूला ठेवून आधी निदान करून घ्यावे.

सुपारीची गोष्ट थोडी निराळी आहे. मावा, गुटखा किंवा नुसती सुपारी सतत चघळणाऱ्यांच्या गालाची आतील त्वचा हळूहळू ताठ होत जाते. प्रथम तिखट खाल्ले की तोंडाची आग होते आणि पुढे तोंड उघडणे कमी होत जाते. घरच्या घरी करता येणारी एक साधी चाचणी आहे: स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये ती सहज मावतात का, ते पाहावे. मावत नसतील, तर दंतवैद्याला ते आवर्जून सांगावे. तोंड पुरेसे उघडत नसेल तर दात पांढरे करण्याचा साचाही नीट बसत नाही. पण ही त्यातली सर्वांत किरकोळ अडचण होय.

मशेरी लावणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. बोटाने रोज चोळल्यामुळे हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमल नसते. त्यामुळे तेथे ब्लीचिंगचा रंगावर उपयोग तर होत नाहीच, उलट तीव्र कळ मात्र उठते. अशा दातांवर आधी हिरड्यांचा उपचार करावा लागतो.

दात साफ करून पुन्हा मशेरी सुरू केली तर डाग काही आठवड्यांतच परत येतात, म्हणून ती सोडल्याशिवाय पुढचा खर्च करण्यात अर्थ नाही. तंबाखू चालू असताना पेरॉक्साइडचा उपचार टाळावा, असा दंतवैद्यांचा सल्ला असतो. सवय सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, अस्वस्थता जाणवते. शिवाय मशेरीने दबलेली दातदुखी वर येते आणि 'सोडल्यामुळे दात दुखू लागले' असा चुकीचा निष्कर्ष काढून अनेकजणी पुन्हा तिकडे वळतात. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

सफाई वेगळी, ब्लीचिंग वेगळे

दातांवरचे कीटण व डाग यंत्राने काढण्याला स्केलिंग आणि नंतर पृष्ठभाग गुळगुळीत करण्याला पॉलिशिंग म्हणतात. यात दाताचा मूळ रंग बदलत नाही. वरची घाण जाते, इतकेच. चहा-तंबाखूचे डाग असलेल्या बहुतेकांचे समाधान येथेच होते आणि पुढे काही करावेसे वाटत नाही. स्केलिंगने दात सैल होतात, हा समज मात्र घट्ट बसला आहे. खरे तर कीटणामुळे हिरडी आणि हाड आधीच खचलेले असते. कीटण निघाल्यावर ती पोकळी उघडी पडते आणि दात हलताना जाणवतो. कीटण म्हणजे दाताला मिळालेला आधार नव्हे, तो त्याचा रोग आहे.

सफाईनंतरही दात पिवळे वाटत असतील तरच ब्लीचिंगचा विचार करावा. त्यातही पिवळ्या छटेवर परिणाम चांगला होतो, करड्या-निळसर छटेवर कमी. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईने किंवा वयाच्या आठ वर्षांपर्यंत मुलाने टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके घेतली असतील, तर दातांवर करडे आडवे पट्टे उमटतात. ते फिके करण्यास काही महिने लागू शकतात आणि ते पूर्ण जातीलच असे नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी ठिपके दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकेल, असे भारतीय मानक सांगते. अशा दातांवर ब्लीचिंग केल्यास पांढरे ठिपके सुरुवातीला अधिकच उठून दिसतात. लहानपणी पडून मार लागलेला किंवा रूट कॅनल झालेला एकच दात काळवंडला असेल, तर सर्व दात उजळवण्यात हशील नाही. त्या एका दाताच्या आतून औषध ठेवून तो उजळवता येतो.

ब्लीचिंग कसे होते

सर्व प्रचलित पद्धतींचा गाभा एकच आहे: हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यातून सुटणारा ऑक्सिजन एनॅमलमधून आत शिरतो आणि रंगद्रव्यांचे मोठे रेणू तोडून फिके करतो. म्हणजे दात खरवडला जात नाही. कार्बामाइड पेरॉक्साइड हे याच औषधाचे सौम्य रूप असून त्याच्या १० टक्के जेलमधून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. हिरड्यांसाठी दिलेल्या जंतुनाशकाने दातही उजळतात, हे १९६० च्या दशकात अमेरिकेत योगायोगाने लक्षात आले आणि १९८९ मध्ये हेवूड व हेमन या दोन दंतवैद्यांनी ही घरी वापरण्याची पद्धत शास्त्रीय रूपात मांडली.

या पद्धतीत दातांचे माप घेऊन पातळ प्लॅस्टिकचा साचा केला जातो. त्यात थेंबभर जेल घालून तो रात्री किंवा दिवसा काही तास लावायचा असतो. दोन ते चार आठवड्यांत फरक दिसतो. दवाखान्यातील पद्धतीत २५ ते ४० टक्के इतके तीव्र पेरॉक्साइड वापरतात. त्याआधी हिरड्यांवर संरक्षक थर चढवावाच लागतो. परिणाम एका बैठकीत दिसतो, पण त्यातील काही भाग दात कोरडे पडल्यामुळे आलेला असतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रंग थोडा परत फिरतो. खरी छटा तेव्हाच मोजावी. निळ्या दिव्याचे यंत्र मोठे आकर्षक दिसते. त्याने अंतिम परिणामात फारसा फरक पडतो, याला मात्र भक्कम पुरावा नाही. त्या दिव्यापोटी जादा पैसे मोजायचे की नाहीत, हे ज्याने त्याने ठरवावे.

युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने केवळ दंतवैद्यांनाच विकण्याची मुभा ठेवली आणि १८ वर्षांखालील व्यक्तींवर त्यांचा वापर करण्यास मनाई केली. इंटरनेटवरून मागवलेल्या पाकिटातील प्रमाण काय आहे, हे न पाहता ते दातांना लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

कोणी करून घेऊ नये

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच १८ वर्षांखालील मुलामुलींनी हा उपचार टाळावा. किडलेले, तडा गेलेले किंवा आधीच आंबणारे दात प्रथम दुरुस्त करून घ्यावेत. कीड उघडी असताना पेरॉक्साइड आत शिरले तर रात्र जागून काढावी लागते. कॅप, पूल, सिमेंट किंवा दातांच्या रंगाचे भरण यांचा रंग बदलत नाही. पुढच्या दातावर जुनी कॅप असेल, तर शेजारचे दात उजळल्यावर तीच पिवळी दिसू लागते आणि बदलण्याचा नवा खर्च उभा राहतो. म्हणून क्रम असा असावा: आधी ब्लीचिंग, मग किमान दोन आठवडे थांबून नव्या छटेशी जुळणारे भरण किंवा कॅप. पेरॉक्साइडनंतर लगेच बसवलेले भरण दाताला नीट चिकटत नाही.

नंतरचे काही दिवस

थंड पाणी किंवा वारा लागताच दात आंबणे, मधूनच विजेसारखी कळ येणे हा सर्वांत सामान्य त्रास असून तो बहुधा काही दिवसांत थांबतो. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट किंवा जेल, तसेच दोन वेळांमधील अंतर वाढवणे यांचा उपयोग होतो. जेल हिरडीवर सांडल्यास ती जागा पांढरी पडून झोंबते. किरकोळ असेल तर आपोआप भरते.

पहिले दोन दिवस तरी रंग सोडणारे पदार्थ टाळावेत: कडक चहा, कोकम, बीट, हळदीची गडद आमटी. कोल्हापुरात हे पथ्य तसे अवघड. त्यातल्या त्यात तांबड्या रश्श्याऐवजी पांढरा रस्सा घ्यावा, इतकीच सोय. परिणाम काही महिने ते दोन-तीन वर्षे टिकतो. तो किती टिकेल, हे बव्हंशी चहाचे कप आणि तंबाखू ठरवते.

लिंबू, कोळसा आणि राखुंडी

घरगुती उपायांपैकी लिंबू सर्वांत घातक. तोंडातील आम्लता साधारण ५.५ पीएचच्या खाली गेली की एनॅमल विरघळू लागते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. रस चोळल्यावर दात क्षणभर स्वच्छ वाटतात, कारण वरचा थरच गेलेला असतो. एनॅमल पुन्हा उगवत नाही. राखुंडी, विटेची पूड, मीठ, गेरूचे लाल मंजन आणि अलीकडे डबीत येणारा कोळसा हे सर्व घासून काम करतात. परिणाम उलटा होतो: एनॅमल पातळ झाले की खालचे पिवळे डेंटिन अधिक दिसते, दात आणखी पिवळे वाटतात आणि माणूस आणखी जोराने घासतो. वर्षानुवर्षे राखुंडी वापरणाऱ्यांच्या दातांना मुळाशी पडलेल्या खाचा याचीच खूण होय. बाजारातील 'व्हाइटनिंग' टूथपेस्टमध्येही बहुतेक वेळा घासणारे कण थोडे अधिक असतात. त्या वरचे डाग काढतात, मूळ रंग बदलत नाहीत.

कोणाकडे जावे

ब्युटी पार्लरमध्ये फेशियलबरोबर दात पांढरे करून देण्याची सोय काही ठिकाणी दिली जाते. तेथे कीड, तडे किंवा चट्टे ओळखणारा कोणीही नसतो. राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असलेल्या दंतवैद्याकडेच जावे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही त्यांना दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, तर सांगलीत भारती विद्यापीठाचे. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठी केलेला हा खर्च सहसा धरला जात नाही.

उपचारापूर्वी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: रंग बदलण्याचे कारण कोणते, केवळ सफाईने भागेल का, जेलचे प्रमाण किती टक्के, कळ आल्यास काय करावे, जुन्या कॅपचे काय. आधीची छटा पट्टीवर मोजून तिचे छायाचित्र काढून ठेवण्यास सांगावे; अन्यथा फरक पडला की नाही, हा वाद नंतर मिटत नाही.

लग्नाची तारीख ठरलेली असल्यास किमान दोन महिने आधी तपासणी आणि सफाई करून घ्यावी. कीड किंवा हिरड्यांचा उपचार त्यानंतर. ब्लीचिंग लग्नाच्या तीन-चार आठवडे आधी संपेल असे पाहावे, म्हणजे रंग स्थिरावण्यास आणि पुढच्या दाताचे भरण बदलायचे असल्यास तेही करण्यास वेळ मिळतो.